सरळखेच शिकारी रायफल

ज्या रायफलीचा बोल्ट उघडण्यासाठी त्याची मूठ वर फिरवावी लागत नाही, ती केवळ सरळ मागे ओढून पुन्हा सरळ पुढे ढकलली असता रिकामी पुंगळी बाहेर पडते व नवे काडतूस नळीत भरले जाते, अशा रायफलीस सरळखेच रायफल असे म्हणतात. ही रायफल स्वयंचलित किंवा अर्धस्वयंचलित नव्हे. प्रत्येक गोळीनंतर तिचा बोल्ट हातानेच मागेपुढे करावा लागतो. नेहमीच्या बोल्ट रायफलीत या कामासाठी मुठीच्या चार हालचाली कराव्या लागतात : वर, मागे, पुढे व खाली. सरळखेच रायफलीत मागे व पुढे अशा दोनच हालचाली पुरतात. वाचलेल्या दोन हालचालींचे काम मात्र नाहीसे झालेले नसते. ते बोल्टच्या अंतर्भागातील यंत्रणेवर सोपविलेले असते. ही यंत्रणा ते काम किती निश्चितपणे पार पाडते, यावर या प्रकारच्या रायफलीची गुणवत्ता आणि ती चालविणाऱ्याची सुरक्षितता अवलंबून असते.

बोल्टचे कार्य : रायफलीच्या नळीच्या मागील टोकास काडतूस बसण्यासाठी रुंद केलेला भाग असतो, त्यास कोठा म्हणतात. कोठ्याचे मागील तोंड बंद करणारा पोलादी दंडगोल म्हणजे बोल्ट होय. तो ज्या पोकळ घडणीत मागेपुढे सरकतो तिला या नोंदीत बोल्टघर असे म्हटले आहे. बोल्टला मुख्यतः पाच कामे करावी लागतात : (१) मॅगझीनमधील काडतूस कोठ्यात ढकलणे, (२) कोठ्याचे तोंड बंद करणे, (३) बार उडतेवेळी ते बंदच राहील अशा रीतीने अडसर घालणे, (४) आतील आघातक पुढे सोडून काडतुसाच्या बुडातील टोपी पेटविणे व (५) रिकामी पुंगळी कोठ्यातून ओढून बाहेर फेकणे.

यांपैकी दुसरे व तिसरे काम सकृद्दर्शनी एकच वाटते. परंतु त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. दार लोटून घेणे वेगळे व त्याला आतून अडसर घालणे वेगळे. लोटलेले दार बंद दिसते, पण धक्क्यासरशी उघडते. आधुनिक शिकारी काडतुसातील दारू पेटल्यावर कोठ्यात निर्माण होणारा दाब दर चौ. सेंमी. ला सु. ४,००० किग्रॅ. पर्यंत जातो. पुंगळीच्या बुडाचा आतील व्यास सु. १० मिमी. धरला, तर त्याचे क्षेत्रफळ सु. ०·७८ चौ. सेंमी. भरते व बोल्टच्या तोंडावर तीन टनांहून अधिक भार येतो. गोळी नळीबाहेर पडेपर्यंतचा एक ते दोन सहस्रांश सेकंदांचा काळ हा भार अडसराने पेलावयाचा असतो. नेम धरणाऱ्याचा डोळा त्या वेळी बोल्टच्या मागे जेमतेम वीतभर अंतरावर असतो.

फिरत्या बोल्टची रचना : सरळखेच रायफलीचे वैशिष्ट्य समजण्यासाठी फिरत्या बोल्टची रचना ध्यानात घेणे आवश्यक आहे. जर्मन अभिकल्पक पाउल माउझर (१८३८–१९१४) यांची १८९८ ची रायफल हा या रचनेचा आदर्श मानला जातो. तिच्या बोल्टच्या पुढील टोकावर समोरासमोर दोन जाड खुंट असतात. बोल्ट पुढे ढकलून मूठ खाली दाबली की, संपूर्ण बोल्ट ९० अंशांतून फिरतो व हे खुंट बोल्टघरातील खाचांमध्ये जाऊन बसतात. मूठ व खुंट एकाच धातुखंडाचे भाग असल्यामुळे मूठ खाली असेल, तर खुंटही खाचांत असणारच. नेमबाजाला अडसर बसल्याची खूण डोळ्यांनी दिसते व हातालाही जाणवते.

या रचनेचा दुसरा लाभ पुंगळी काढताना होतो. बार उडताना पितळी पुंगळी फुगून कोठ्याच्या भिंतीला घट्ट चिकटते. दाब ओसरल्यावर ती काहीशी आकुंचन पावते. तथापि काडतूस अतिशय तापलेले असेल अथवा कोठ्यात धूळ वा गंज असेल, तर ती अडकून राहते. फिरत्या बोल्टची मूठ वर उचलताना उचलीच्या अखेरच्या भागात तिचे मूळ बोल्टघरावरील तिरप्या पृष्ठावरून घसरते आणि बोल्ट काही मिमी. मागे खेचला जातो. हाताच्या लांब हालचालीतून बोल्टची अगदी आखूड हालचाल घडत असल्याने हाताचा जोर अनेक पटींनी वाढून पुंगळीवर लागतो व ती सैल होते. यास प्राथमिक निष्कासन म्हणतात. त्यानंतर बोल्ट मागे ओढण्यास विशेष बळ लागत नाही.

फिरत्या बोल्टची उणीव वेगाची आहे. मूठ वर-खाली करताना हात नेमाच्या रेषेबाहेर जातो, रायफल कलते व पुष्कळदा गाल दस्त्यावरून उचलावा लागतो. लक्ष्य पुन्हा हेरण्यात वेळ जातो. ही उणीव दूर करण्याच्या प्रयत्नांतून सरळखेच रचना पुढे आली.

सरळखेच रचनेचे प्रकार : सरळ रेषेतील ओढीने अडसर काढण्याच्या व घालण्याच्या प्रमुख रीती चार आहेत.

(१) पाचर : बोल्टच्या खाली अथवा मागे एक पाचर किंवा ठोकळा असतो. मूठ पुढे गेली की, तो बोल्टघरातील कडेच्या आड येतो आणि मूठ ओढताच बाजूला सरतो. ही रचना साधी आहे. परंतु भार एकाच बाजूला पडत असल्यामुळे बोल्टवर वाकविणारे बल येते.

(२) मळसूत्री कॅम : यात बोल्ट दोन भागांचा असतो. बाहेरील भागास मूठ जोडलेली असते व तो केवळ सरळ सरकतो. खुंट असलेला दुसरा भाग स्वतःभोवती फिरू शकतो. एका भागावरील तिरप्या मळसूत्री खोबणीत दुसऱ्यावरील कंगोरा बसलेला असतो. मूठ ओढली की, पहिल्या काही मिमी. च्या प्रवासात सरळ गतीचे रूपांतर परिभ्रमणात होते, खुंट खाचांतून सुटतात आणि त्यानंतर दोन्ही भाग एकत्र मागे येतात. उलट क्रमाने अडसर बसतो. खोबणीचा तिरपेपणा ठरविताना दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ घालावा लागतो. ती आडवी, म्हणजे फार गोलाकार केली, तर घर्षणामुळे बोल्ट अडतो. ती फार सरळ केली, तर पुरेसे परिभ्रमण मिळण्यासाठी बोल्टची लांबी वाढवावी लागते.

(३) त्रिज्यीय विस्तार : येथे काहीही फिरत नाही. बोल्टच्या पुढील टोकास पाकळ्यांप्रमाणे चिरलेले पोलादी कडे असते. ते आतून फुलविले की, पाकळ्या नळीतील वर्तुळाकार खोबणीत जाऊन बसतात.

(४) छर्रे : सायकलच्या बेअरिंगमधील छर्ऱ्यांसारखे कठीण पोलादी छर्रे बोल्टच्या भोकांत बसविलेले असतात. मधला दांडा पुढे सरकला की, ते बाहेर ढकलले जाऊन खोबणीत शिरतात. दांडा मागे गेला की, ते आत येतात.

चारही प्रकारांत एक अट समान आहे. अडसर पूर्ण बसल्याखेरीज आघातक टोपीपर्यंत पोचता कामा नये. ही अट पाळणारी रचना सुरक्षित व न पाळणारी धोकादायक होय, असे या रायफलींच्या इतिहासावरून म्हणता येते.

इतिहास : सरळखेच रायफलीचा उगम लष्करी आहे. ऑस्ट्रियातील रेल्वे अभियंता फेर्डिनांट रिटर फोन मानलिखर (१८४८–१९०४) यांनी तयार केलेली ११ मिमी. ची रायफल ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याने १८८६ मध्ये स्वीकारली. तिचा अडसर पाचरीचा होता. १८८८ मध्ये तिची ८ मिमी. ची आवृत्ती निघाली. धूरविरहित दारूच्या वापराबरोबर कोठ्यातील दाब वाढला व पाचर अपुरी पडू लागली. म्हणून मानलिखर यांनी १८९० च्या कार्बाइनमध्ये मळसूत्री कॅमने फिरणारे बोल्टचे डोके वापरले. हीच रचना त्यांच्या १८९५ च्या प्रसिद्ध रायफलीत आली. श्टायर व बूडापेस्ट येथील कारखान्यांत ती लाखोंच्या संख्येने तयार झाली व पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) ऑस्ट्रिया-हंगेरीचे ते मुख्य शस्त्र होते. युद्धानंतर मध्य व पूर्व यूरोपात अशा अनेक रायफली शिकाऱ्यांच्या हाती गेल्या.

स्वित्झर्लंडमध्ये रूडोल्फ श्मिट (१८३२–९८) यांनी रायफलीची व एडुआर्ट रूबीन (१८४६–१९२०) यांनी तिच्या ७·५ मिमी. काडतुसाची रचना केली. १८८९ मध्ये ती सैन्यात आली. तिची मूठ बोल्टच्या उजव्या बाजूस असलेल्या वेगळ्या दांड्याला जोडलेली असते. दांड्यावरील खुंटी बोल्टच्या बाह्य नळकांड्यावरील मळसूत्री खाचेत चालते व नळकांडे फिरवते. मानलिखर रायफलीत बोल्टचे डोके फिरते, तर येथे अडसराचे खुंट असलेले नळकांडे फिरते. मूळ रचनेत हे खुंट बरेच मागे होते. त्यामुळे बार उडताना बोल्टचा लांब भाग दाबाखाली येऊन किंचित आखडत असे आणि बोल्टघरही लांबलचक करावे लागे. १८९६ च्या फेरफारात खुंट पुढे आणण्यात आले व १९३१ च्या कार्बाइनमध्ये ते कोठ्याच्या अगदी लगत आले. परिणामी नळीची लांबी कमी न करता शस्त्राची एकूण लांबी मर्यादित ठेवता आली. अचूकपणाबद्दल नावाजलेल्या या कार्बाइनीचे उत्पादन १९५८ पर्यंत चालू होते व पुढे ती नेमबाजी आणि शिकार या दोहोंसाठी वापरात राहिली.

अमेरिकेत जेम्स पॅरिस ली (१८३१–१९०४) यांची ६ मिमी. ची सरळखेच रायफल नौदलाने १८९५ मध्ये स्वीकारली. तिचा बोल्ट ओढताना मागील बाजूने किंचित वर उचलला जाऊन सुटत असे. विंचेस्टर कंपनीने तिची शिकारी आवृत्तीही बाजारात आणली. परंतु मूठ तिरकी वर ओढण्याची ही सवय अमेरिकन शिकाऱ्यांना रुचली नाही व तिचा खप थोडाच झाला.

रॉस रायफलीचा धडा : सरळखेच रचनेतील मूलभूत प्रश्न सर्वांत ठळकपणे पुढे आणला तो कॅनडातील रॉस रायफलीने. स्कॉटिश सरदार सर चार्ल्स रॉस (१८७२–१९४२) यांनी तिचा अभिकल्प केला व क्वीबेक येथे कारखाना काढला. कॅनडाने ती १९०३ मध्ये स्वीकारली. १९१० च्या आवृत्तीत बोल्टच्या डोक्यावर साध्या खुंटांऐवजी खंडित आट्यांचे खुंट होते. तोफेच्या मागील झाकणात वापरतात त्या धर्तीची ही योजना होती. तिची शक्ती मोठी होती. रॉस यांच्या ०·२८० इंची वेगवान काडतुसासाठी बनविलेली शिकारी आवृत्ती आपल्या काळात गाजली व अचूक नेमबाजीतही या रायफलीने नाव मिळविले.

एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधील ईप्रच्या दुसऱ्या लढाईत मात्र ती अपयशी ठरली. चिखल, सततच्या गोळीबाराने तापलेली नळी व मापांत फरक असलेली ब्रिटिश काडतुसे यांमुळे पुंगळ्या कोठ्यात अडकू लागल्या. बोल्ट मागे येताना त्याच्या खुंटाचा मागील आटा बोल्टघरातील लहानशा थांबखुंटीवर आदळे. जोराने ओढलेल्या बोल्टच्या बाबतीत या आघाताने आट्याची कड चेपली जाई व मग बोल्ट बंद होणेही अवघड होई. सैनिक मुठीवर बुटांनी व फावड्यांनी प्रहार करीत. अनेकांनी रॉस रायफली टाकून युद्धभूमीवर पडलेल्या ब्रिटिश ली-एनफील्ड रायफली उचलल्या. पुढे थांबखुंटी मोठी करून कोठाही सैल करण्यात आला. परंतु सैनिकांचा विश्वास उडाला होता. १९१६ मध्ये आघाडीवरील कॅनडियन पायदळाच्या रॉस रायफली काढून घेण्यात आल्या. दूरवरचा अचूक नेम साधणाऱ्या निवडक नेमबाजांनी मात्र, शस्त्र स्वच्छ ठेवणे त्यांना शक्य असल्याने, ती त्यानंतरही वापरली.

दुसरा दोष अधिक गंभीर होता. साफसफाईसाठी १९१० च्या रायफलीचा बोल्ट नळकांड्यातून सुटा करून पुन्हा बसविताना तो चुकीच्या अवस्थेत बसविला जाऊ शकत असे. अशा वेळी मूठ पुढे जाई, बोल्ट बंद दिसे व आघातकही सुटे. परंतु डोके फिरलेले नसल्यामुळे खुंट खाचांबाहेरच राहत. बार उडताच बोल्ट वेगाने मागे येऊन चालविणाऱ्याच्या चेहऱ्यावर आदळण्याचा धोका असे. नंतरच्या काही रायफलींत नळकांड्यात रिव्हेट ठोकून ही चूक अशक्य करण्यात आली. अशी दुरुस्ती न झालेली जुनी रॉस रायफल हाताळताना बोल्ट बंद होतेवेळी त्याचे डोके प्रत्यक्ष फिरते की नाही, हे डोळ्यांनी पाहण्याची दक्षता आजही आवश्यक मानली जाते.

हा दोष सरळखेच तत्त्वाचा नव्हता. तो अभिकल्पाचा होता. फिरत्या बोल्टमध्ये मुठीची जागाच अडसराची साक्ष देते. सरळखेच रायफलीत मूठ फक्त बोल्ट पुढे गेल्याचे सांगते. अडसराचे काम आत, दृष्टीआड घडते. म्हणून ते चुकीचे घडणे अशक्य व्हावे, अशी तजवीज यंत्रणेतच असावी लागते.

निष्कासनाचा प्रश्न : सरळखेच रचनेची दुसरी अडचण प्राथमिक निष्कासनाची आहे. हाताची ओढ थेट बोल्टवर येत असल्यामुळे अडकलेल्या पुंगळीवर यांत्रिक लाभाने वाढविलेला जोर लावणे कठीण जाते. खंदकातील चिखल व अनियमित काडतुसे अशा परिस्थितीत हा दोष जाचक ठरला आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहुतेक सैन्यांनी फिरत्या बोल्टलाच पसंती दिली. शिकारीची परिस्थिती वेगळी असते. शिकारी दिवसभरात मोजक्याच गोळ्या झाडतो, कारखान्यात बनलेली एकसारख्या मापांची काडतुसे वापरतो आणि रायफल स्वच्छ ठेवू शकतो. शिवाय आधुनिक यंत्रकामामुळे कोठ्याचा आतील पृष्ठभाग अत्यंत गुळगुळीत करता येतो. मूठ प्रथम तरफेप्रमाणे थोडी कलावी व मगच बोल्ट सरकावा, अशीही योजना काही रायफलींत आढळते. तथापि अतिथंडी, वाळू वा अतिदाबाची काडतुसे असतील, तेथे फिरत्या बोल्टचे श्रेष्ठत्व आजही मान्य केले जाते.

आधुनिक शिकारी रायफली : विसाव्या शतकाच्या अखेरीस सरळखेच रचनेचे पुनरुज्जीवन झाले, ते प्रामुख्याने जर्मनी व ऑस्ट्रिया या देशांत. त्यामागे तेथील शिकारीची पद्धत आहे. रानडुकरांच्या हाक्यात हाकारे व कुत्री जनावरे उठवितात आणि ती ठिकठिकाणी उभ्या असलेल्या शिकाऱ्यांसमोरून धावत जातात. नेमासाठी काही सेकंदच मिळतात. पहिली गोळी वर्मी लागली नाही, तर जखमी जनावर निसटून जाण्यापूर्वी दुसरी झाडावी लागते. अर्धस्वयंचलित रायफलीने हे साधते. परंतु अशा शस्त्रांवर अनेक देशांत कायद्याचे निर्बंध आहेत. जर्मनीत शिकारीसाठी अर्धस्वयंचलित रायफलीत तीनपेक्षा अधिक काडतुसे भरता येत नाहीत. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याने ०·२२ इंची कडपेटी काडतुसांच्या रायफली वगळता इतर अर्धस्वयंचलित रायफली निषिद्ध ठरविल्या. हाताने चालणारी, तरीही जलद अशी सरळखेच रायफल या परिस्थितीत सोयीची ठरली.

या पुनरुज्जीवनात इस्नी (जर्मनी) येथील ब्लाझर कंपनीच्या आर ९३ या रायफलीचा (१९९३) वाटा मोठा आहे. तिच्यात त्रिज्यीय विस्ताराचा अडसर आहे. बोल्ट पुढे जाऊन मूठ शेवटच्या टप्प्यात ढकलली की, पाकळ्यांचे कडे फुलून नळीच्या मागील भागातील खोबणीत सर्व बाजूंनी बसते. दोन-तीन खुंटांऐवजी संपूर्ण परिघावर भार विभागला जातो. २००८ मध्ये आलेल्या आर ८ या आवृत्तीत पाकळ्या फुलल्यावर त्यांच्या आत एक नळकांडे शिरते व त्यांना आतून टेकू देते. त्यामुळे दाबाखाली पाकळ्या आत वळू शकत नाहीत.

अडसर थेट नळीत बसण्याचे दोन महत्त्वाचे परिणाम होतात. एक म्हणजे बोल्टघरावर बाराचा भार येत नाही; ते हलक्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचे करता येते. दुसरा म्हणजे नळी सहज बदलता येते. एकाच दस्त्यावर निरनिराळ्या काडतुसांच्या नळ्या बसवून, आवश्यक तेथे बोल्टचे डोके बदलून, हरणापासून मोठ्या जनावरांपर्यंतची शिकार करता येते. दुर्बीण नळीवरच बसविली जात असल्यामुळे नळी काढून पुन्हा लावली, तरी नेम फारसा ढळत नाही.

जर्मनीतील हाइम कंपनीच्या एसआर ३० या रायफलीत छर्ऱ्यांचा अडसर आहे. झूल येथील मेर्केल कंपनीच्या आरएक्स हीलिक्स या रायफलीत सात खुंटांचे फिरणारे डोके असून मुठीची गती दंतचक्रांद्वारे बोल्टला दिली जाते. तिचे बोल्टघर बंद असल्याने बोल्ट मागे चेहऱ्याच्या दिशेने बाहेर येत नाही. २०२१ मध्ये इटलीतील बेरेट्टा कंपनीने आठ खुंटांच्या फिरत्या डोक्याची बीआरएक्स १ आणि अमेरिकेतील सॅव्हेज कंपनीने छर्ऱ्यांच्या अडसराची इम्पल्स ही रायफल बाजारात आणली. मळसूत्री कॅम, कडे व छर्रे या तिन्ही रीती आज शेजारी शेजारी नांदत आहेत.

चापाची सुरक्षा : फिरत्या बोल्टच्या बहुतेक रायफलींत बोल्ट चालविताच आघातकाची स्प्रिंग ताणली जाते व पुढील सुरक्षा एका लहान खटक्यावर अवलंबून असते. अनेक आधुनिक सरळखेच रायफलींत बोल्ट चालविल्याने पहिल्यांदा स्प्रिंग ताणली जात नाही. काडतूस कोठ्यात असले, तरी ती सैल असते. नेम धरतेवेळी अंगठ्याने सरकपट्टी पुढे ढकलून ती ताणावी लागते व बार न काढल्यास पट्टी मागे घेऊन पुन्हा सैल करता येते. भरलेली रायफल हातातून पडली अथवा चापात फांदी अडकली, तरी आघातकास टोपी पेटविण्याइतके बळच नसते. डोंगराळ भागात किंवा मचाणावर चढताना ही सोय विशेष मोलाची ठरते.

बायथलॉन : शिकारी रायफलीच्या जोडीने सरळखेच रचनेचा सर्वाधिक परिचित वापर बायथलॉन या हिवाळी क्रीडाप्रकारात होतो. यात स्पर्धक बर्फावरून स्की करीत येतात व ५० मी. अंतरावरील पाच लक्ष्यांवर नेम साधतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस येथे ०·२२ इंची कडपेटी काडतूस रूढ झाले. नियमानुसार अर्धस्वयंचलित रायफल चालत नाही. जर्मन बंदूककार पेटर फोर्टनर यांनी १९८० च्या दशकात रचलेल्या यंत्रणेत तर्जनीने मूठ मागे ओढली जाते व अंगठ्याने पुढे ढकलली जाते; उरलेला हात पकडीवरून हलत नाही. या काडतुसाचा दाब शिकारी काडतुसाच्या निम्म्याहूनही कमी असल्यामुळे अडसर हलका ठेवता येतो.

भारत : भारतात सरळखेच रायफली फारशा प्रचलित झाल्या नाहीत. ब्रिटिश काळापासून येथे ली-एनफील्ड या फिरत्या बोल्टच्या रायफलीचे प्राबल्य राहिले. तथापि एक दुवा लक्षणीय आहे. सैन्याच्या वापरातील ०·३०३ इंची काडतुसाच्या रायफली खाजगी व्यक्तींना बाळगता येत नसल्यामुळे ईशापूर (प. बंगाल) येथील कारखान्यात ली-एनफील्डच्या धर्तीची ०·३१५ इंची शिकारी रायफल तयार करण्यात आली. तिचे काडतूस म्हणजे मानलिखरच्या सरळखेच रायफलीसाठी ऑस्ट्रियात योजलेले ८ × ५० मिमी. चे कडेदार काडतूसच होय. अशी काडतुसे पुण्यानजीकच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्यातही बनली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये भारतात शिकारीस बंदी आहे. मानवी जीवितास वा पिकांस धोका ठरलेल्या प्राण्यांबाबत केवळ सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीनेच अपवाद होऊ शकतो. त्यामुळे अशी शस्त्रे आज येथे मुख्यतः परवान्याने बाळगलेल्या संरक्षणाच्या साधनांत मोडतात.

गुणदोष : जलद पुनर्भरण, नेमाची रेषा न सोडता दुसरी गोळी झाडण्याची सोय, नळी बदलण्याची सुलभता व आखूड बांधणी हे सरळखेच शिकारी रायफलीचे गुण होत. घटकांची अधिक संख्या, काटेकोर यंत्रकामामुळे वाढणारी किंमत, धूळ व चिखल यांबाबतची संवेदनशीलता आणि मर्यादित निष्कासनबल हे तिचे दोष होत. आधुनिक अभिकल्पांनी हे दोष बऱ्याच अंशी आटोक्यात आणले आहेत. वापरणाऱ्याने मात्र बोल्ट सुटा करताना निर्मात्याच्या सूचना काटेकोरपणे पाळणे, कोठा व अडसराची खोबणी स्वच्छ ठेवणे, ठरावीक दाबाचीच काडतुसे वापरणे आणि मूठ अखेरच्या बिंदूपर्यंत पुढे गेल्याची प्रत्येक वेळी खात्री करून घेणे अगत्याचे आहे. बोल्ट बंद असणे व त्याला अडसर बसलेला असणे यांतील अंतर फिरत्या बोल्टमध्ये मूठ दाखविते. सरळखेच रायफलीत ते यंत्राच्या रचनेने व माणसाच्या दक्षतेने मिटवावे लागते.